युनियनचं काम केलं म्हणून मेमो?

प्रश्न: मी सरकारी ऑफिसात आहे, युनियनची प्रतिनिधी पण आहे. एका सहकाऱ्याच्या तक्रारीसाठी ड्युटीत अर्धा तास साहेबांकडे गेले तर लगेच मेमो, "कामात कसूर". हा गुन्हा आहे का हो?

उत्तर: अजिबात नाही ताई. आयएलओचा (म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १९७८ चा १५१ नंबरचा करार खास सरकारी नोकरांसाठीच आहे आणि त्याच्या कलम ४ मध्ये म्हटलंय की युनियनच्या नेहमीच्या कामात भाग घेतला म्हणून कुणाला काढायचं नाही की त्रास द्यायचा नाही. कलम ६ तर म्हणतं प्रतिनिधींना ड्युटीच्या वेळातसुद्धा सवलती द्या, फक्त ऑफिसचं काम अडायला नको, आणि मेख इथेच आहे कारण साहेब लोक हेच शेवटचं वाक्य पकडून बसतात! तुमच्या देशाने करार स्वीकारलाय का आणि सेवानियमात काय लिहिलंय ते आधी बघा, सगळं त्यावर अवलंबून.

मेमोला उत्तर मात्र मुदतीत आणि लेखीच द्या, तोंडी बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. किती वाजता गेलात, कुणाला सांगून गेलात, तुमचं कुठलं काम अडलं (बहुतेक काहीच नसेल) हे लिहा, पोच घ्या. आणि बाकीचे लोक खासगी कामाला अर्धा तास उठले तर त्यांनाही मेमो मिळतो का? मिळत नसेल तर तो भेदभाव आहे, हा मुद्दा सोडूच नका. युनियनला आजच कळवा, एकटीने लढू नका.