पेसमेकर बसवलाय, मिक्सर लावला तर चालेल का?

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी मिक्सरच्या जागी मोबाइल असतो, कधी इंडक्शनची शेगडी. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा नाहीतर सून असते. ज्यांच्या छातीत मशीन आहे ते शेजारी गप्प बसलेले असतात. उत्तर आधीच देते: मिक्सर खुशाल लावा, फक्त छातीला टेकवून धरू नका, एक वीत अंतर राहू द्या. पण एवढं ऐकून भीती जात नाही अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एका घराची हकीगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मावशी साठीच्या, कोल्हापुरातल्या पेठेत राहणाऱ्या. हृदयाचे ठोके फार मंदावल्यामुळे चक्कर येऊन पडल्या आणि पेसमेकर बसवावा लागला. शस्त्रक्रिया नीट झाली, चक्कर थांबली. काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण मशीन उत्तम चालत होतं आणि मावशी मात्र खचत चालल्या होत्या.

"सैपाकघरात जातोच कुठं मी," त्या म्हणाल्या. "मिक्सर हाय, फ्रिज हाय. पोरगा म्हणतोय, तू आपली खोलीत बस."

टीव्ही बाहेरच्या खोलीत गेला होता. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटून आणायला डंकावर सूनबाई एकटीच गेली. देवळाच्या दारात मेटल डिटेक्टर असतो म्हणून अंबाबाईचं दर्शनही बंद. आणि हे सगळं सांगताना मावशींचा डावा हात पोटाशी घट्ट धरलेला होता.

मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या भट्टीजवळ बोर्डच लावलाय, पेसमेकरवाल्यांनी पुढं येऊ नये म्हणून. मग घरातल्या करंटचं काय?"

त्या घरातल्या भीतीचं मूळ इथं सापडलं. मुलगा अडाणीपणानं वागत नव्हता. बोर्डावर लिहिलेलं अगदी खरं आहे. इंडक्शन भट्टीत लोखंड वितळवण्याइतकं प्रचंड चुंबकीय क्षेत्र असतं आणि पेसमेकर असलेल्या माणसानं तिथं जाऊच नये. अशाच खात्यात काम करणाऱ्या माणसाला पेसमेकर बसला, तर कामावर परतण्याआधी डॉक्टर आणि मशीनच्या कंपनीचा तंत्रज्ञ यांच्याशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नये. मुलाला खरी माहिती मिळाली होती, पण तिचं माप मिळालं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदांवर इंग्रजीत एक ओळ होती, मोबाइल आणि विजेची उपकरणं लांब ठेवा. किती लांब, किती वेळ, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यानं आईलाच लांब ठेवलं.

मी त्यांना आधी मशीन काय करतं ते सांगितलं. पेसमेकर हृदयाचा ठोका सतत ऐकत असतो. ठोका वेळेवर पडला तर गप्प राहतो, चुकला तर तारेतून बारीकसा विजेचा इशारा देतो. बाहेरच्या जोरदार चुंबकीय क्षेत्रात त्याचा ऐकण्यात घोटाळा होऊ शकतो. वरातीच्या बँडशेजारी उभं राहिलं की बाजूच्याचं बोलणं कळत नाही, चार पावलं सरकलं की कळतं, तसंच. अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्यानं कमी होतं, आणि बहुतेक वेळा लांब झालं की मशीन पुन्हा नेहमीसारखं चालतं.

मग मापं. सेंटिमीटर सांगून मावशींच्या लक्षात राहिलं नसतं, म्हणून त्यांचाच हात वापरला. मोबाइलला 15 सेंटिमीटर अंतर पुरतं, म्हणजे एक वीत लांब ठेवला की झालं. मशीन डाव्या बाजूला, म्हणून तो उजव्या कानाला लावायचा आणि झोपताना उशाला किंवा छातीवर ठेवायचा नाही. इंडक्शनच्या शेगडीला 60 सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड हात. इथं मुलाचा संशय रास्त होता, कारण शेगडी आणि भट्टी एकाच तत्त्वावर चालतात, ताकदीत मात्र जमीनअस्मानाचा फरक. डंकाच्या मोटरीपासूनही तेवढंच लांब उभं राहायचं. टीव्ही, फ्रिज यांची धास्ती नको. देवळाच्या डिटेक्टरमधून सरळ चालत जायचं, चौकटीत रेंगाळायचं नाही, आणि हातातलं यंत्र छातीवर धरू नका असं सांगायचं.

शेवटी मी "समजलं का?" असं विचारलं नाही. त्यावर सगळे मान डोलावतात. मी विचारलं, "मावशी, घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?" त्यांनी सांगितलं. डिटेक्टरचं विसरल्या, ते पुन्हा बोललो. डिस्चार्ज देताना प्रत्येक ठिकाणी एवढं केलं तरी कितीतरी माणसं खोलीत कोंडली जाणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

आता तो डावा हात. "वर करू नका" असं त्यांना सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. नव्या तारा जागेवर बसेपर्यंत साधारण 4 ते 6 आठवडे हात खांद्याच्या वर नेत नाहीत. पण मुदत न कळल्यानं मावशींनी हात हलवणंच सोडलं आणि खांदा आखडला. मशीनमुळे नव्हे, अर्ध्या सूचनेमुळे त्यांना हे दुखणं आलं, याचं मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुरू करायला सांगितलं. सोबतच्या चिठ्ठीवर ठळक लिहून घेतलं: पेसमेकर आहे, डायथर्मी देऊ नये. डायथर्मी म्हणजे यंत्राच्या लहरींनी दिलेला शेक. गुडघे-खांदे शेकायला जाणाऱ्या प्रत्येकानं हे सांगायलाच हवं. त्या यंत्राच्या लहरींनी पेसमेकरच्या तारा तापून हृदयाला इजा होऊ शकते.

पेसमेकरचं ओळखकार्ड कुठं आहे विचारलं, तर कपाटात. वॉरंटीचं समजून ठेवलेलं. मशीनचं आणि तारांचं मॉडेल, बसवल्याची तारीख त्यावर असते. उद्या एमआरआय लागला तर ही माहिती लागते. आता मशीन आणि तारा दोन्ही त्यासाठी योग्य असतील तर देखरेखीखाली एमआरआय करता येतो. कार्ड मावशींच्या बटव्यात हवं आणि फोटो मुलाच्या फोनमध्ये.

"आणि सेल संपला की?" मावशींनी हळूच विचारलं. सेल अचानक बंद पडत नाही. बरीच वर्षं चालतो आणि नियमित तपासणीत आधीच कळतं. मग डबी बदलतात, तारा बहुधा त्याच राहतात. मी त्यांना आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. 8 ऑक्टोबर 1958 ला स्टॉकहोममध्ये शरीरात पेसमेकर बसवलेला हा पहिला माणूस. ते पहिलं मशीन काही तासच चाललं. पण आयुष्यात एकूण 26 पेसमेकर वापरत ते 86 वर्षांपर्यंत जगले. "सव्वीस?" मावशी पहिल्यांदा हसल्या.

पुढच्या एका भेटीत मुलाशी आणखी एक बोलले. दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, नाहीतर सेल फुटतो. हे पहिल्याच दिवशी सांगू नये, पण घरात एकाला तरी ठाऊक असावं.

मावशी आता स्वयंपाकघरात असतात. नवरात्राआधी, गर्दी नसताना अंबाबाईला जाऊन आल्या. खांदा अजून पुरता सुटलेला नाही. केस विंचरता येतात, अंबाडा घालायला सूनबाई लागते. तपासणीला येताना कार्ड आणायला सांगितलंय, त्यावर तारांचे मॉडेल नंबर भरून घ्यायचे राहिलेत.