परक्या ड्रमसेटवर

चि. ड्रमरबाई,
अ. उ. आ.

तुमच्या दौऱ्याचं वेळापत्रक मिळालं. पहिलाच परदेश दौरा, बहुतेक छोटे क्लब आणि अधेमधे फेस्टिव्हल, म्हणजे सुरुवात चांगली आहे. सोबत काय काय न्यायचं, असं तू विचारलं आहेस. मी म्हणेन, काय न्यायचं नाही ते आधी ठरव. दौऱ्यावर अँप परका, वीज परकी, गाडी भाड्याची, साउंड इंजिनिअर त्याच दिवशी भेटलेला. आपलं म्हणावं असं फार थोडं असतं. तेवढं जिवापाड जपायचं आणि बाकीच्याची चौकशी घरून निघायच्या आत लेखी करून ठेवायची.

ड्रमसेट न्यायचा नाही. विमानातून अख्खा ड्रमसेट नेणं ज्यांना परवडतं, ते मला पत्र लिहून सल्ला विचारत नाहीत. क्लबमध्ये हाउस किट, म्हणजे तिथलाच ड्रमसेट असतो आणि फेस्टिव्हलला बॅकलाइन, म्हणजे स्टेजवरची मोठी वाद्यं आणि अँप, भाड्याने येतं. त्यात ड्रम आणि स्टँड मिळतात. ब्रेकेबल्स मात्र ज्याचे त्याने आणायचे: स्नेअर ड्रम, सिंबल (मोठ्या झांजा), किक पेडल आणि जमलं तर स्टूल. बहुतेक विमान कंपन्या इकॉनॉमीत बॅगेमागे २३ किलो देतात आणि सिंबलची पिशवी उचलून पाहिलीस की कळेल, ते २३ किलो किती लवकर भरतात. सिंबलपैकी दोन क्रॅश, एक राइड, हाय-हॅट, बस. चायना सिंबल घरी ठेव. तुझा जीव तुटेल, पण ऐकणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही.

हाउस किटवर बसण्याआधी प्रत्येक सिंबल स्टँडच्या टोकाला बोट लावून बघ. तिथली प्लास्टिकची नळी हमखास गायब असते. मग सिंबल थेट लोखंडी दांडीवर घासतो, मधलं भोक एका बाजूने झिजत जातं आणि तुझा महागडा राइड कायमचा बाद होतो. नळ्या, फेल्ट, विंगनट आणि दोन ड्रम-की एका छोट्या डबीत घाल. ही डबी विमानात हातातल्या बॅगेत ठेवायची. सामानाची बॅग दुसऱ्याच शहरात उतरली तर सिंबल कोणाकडून तरी उसने मिळतात. विंगनट मात्र कोणी देत नाही, कारण ते कोणाकडेच पुरेसे नसतात.

दुसरी नेण्यासारखी वस्तू म्हणजे एक पातळ गालिचा. तालमीच्या खोलीत त्यावर तुझा सेट मनासारखा लाव आणि प्रत्येक पायाभोवती टेपच्या खुणा कर: किकच्या नख्या एका रंगात, हाय-हॅटचे तीन पाय दुसऱ्या, स्टूल तिसऱ्या. मग कुठल्याही देशातल्या कुठल्याही अंधाऱ्या स्टेजवर गालिचा पसरला की अर्धं काम झालं. फेस्टिव्हलला आधीचा बँड उतरून तुम्ही चढेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यात साउंडचेक होत नाही. होतो तो लाइनचेक, म्हणजे प्रत्येक माइकमधून आवाज येतोय की नाही एवढंच बघायचं. त्या वेळात टॉम कुठे ठेवू याचा विचार करत बसणारा ड्रमर सगळ्यांच्या शिव्या खातो.

त्यात तू डावखुरी. ही गोष्ट स्टेज प्लॉटवर (स्टेजवर कोण आणि काय कुठे, याचा नकाशा) ठळक अक्षरांत गेलीच पाहिजे, कारण चार बँड एकच किट वाजवणार असतील तर तुझ्यासाठी सगळं उलटं करायला आणि नंतर पुन्हा सुलटं करायला वेळ लागतो. माइकच्या वायरीही बदलतात. आयोजकांना आधी कळवलं तर ते तुम्हाला पहिल्या किंवा शेवटच्या क्रमांकावर घेतात, नाहीतर तुझ्या सेटसाठी वेगळा रायझर, म्हणजे उंच चौथरा, मागवतात. ऐनवेळी सांगितलंस तर "आज उजव्या हाताने वाजव" असं उत्तर मिळू शकतं, आणि ते थट्टेत म्हटलेलं नसतं. स्टेज प्लॉट, इनपुट लिस्ट (माइक आणि वायरींची यादी) आणि टेक रायडर (लागणाऱ्या तांत्रिक सोयींची यादी) मिळून दोन पानं पुरेत. छोट्या क्लबचा इंजिनिअर तिसरं पान उघडतही नाही. प्लॉटवर डावं-उजवं लिहिताना ते प्रेक्षकांच्या नजरेने की वाजवणाऱ्याच्या, हेही लिही.

आता जी गोष्ट तुला आवडणार नाही ती. तू फार जोरात वाजवतेस. मोठ्या मैदानावर ते शोभतं, शंभर माणसांच्या तळघरात नाही. तिथे किटला जेमतेम दोन माइक असतात, कधी तेही नाही. तुझा क्रॅश गायकाच्या माइकमध्ये शिरतो, आणि इंजिनिअर गायकाला जितका वर घेतो तितकाच तो क्रॅशही वर येतो. त्यात युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी आवाजाला कायद्याने मर्यादा आहे. फ्रान्समध्ये १५ मिनिटांची सरासरी १०२ डेसिबलच्या वर जाता कामा नये. स्वित्झर्लंडमध्ये तासाची सरासरी १०० च्या वर नाही. मिक्सरशेजारी मीटर लावलेला असतो आणि इंजिनिअरचा एक डोळा त्यावरच असतो. अशा खोलीत नुसत्या स्नेअरच्या रिमशॉटनेच (कातडं आणि कडा एकदम मारलेला ठोका) निम्मी मर्यादा खाल्लीस, तर तो कमी काय करणार? गिटार आणि गाणं. लोकांना मग ड्रमच तेवढे ऐकू येतात आणि बँड वाईट ठरतो. आत्तापासून आठवड्यातून एक तालीम बारीक काठ्यांनी करा, गायकाला माइकशिवाय गायला लावून. तो ऐकू आला पाहिजे आणि गाण्यातला जोर तसूभरही उतरता कामा नये. हळू आवाजात वाजवताना लय संथ होते, त्यावरच खरी मेहनत आहे. निघायच्या आधीचे महिने यातच घाल. नवीन फिल्स, म्हणजे मधल्या भरणीच्या जागा, बसवत बसू नकोस.

विजेचं तुझ्या गिटारवाल्यांना वाचून दाखव. युरोपात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. शिवाय जपानमध्ये पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०, एकाच देशात. दुकानात मिळतो तो प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. पेडलबोर्डच्या पॉवर सप्लायवर "१००–२४०" छापलं असेल तर निश्चिंत राहा, नसेल तर नवा घ्या. (जुन्या हॅमंड ऑर्गनची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते. ६० चा ऑर्गन ५० वर लावला की सगळे सूर जवळजवळ दीड स्वर खाली उतरतात. तुमच्याकडे ऑर्गन नाही, पण हे मला कोणालातरी सांगायचंच होतं.) वायरलेस माइक किंवा इन-इअर (स्वतःचा आवाज ऐकायचे कानातले संच) नेणार असाल तर प्रत्येक देशाची फ्रिक्वेन्सी तपासा. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला बराच भाग मोबाइल कंपन्यांकडे गेला आणि जुलै २०२० पासून तिथे जुने वायरलेस संच वापरायला बंदी आहे. माझं मत विचारशील तर वायर बरी.

कागदपत्रं. तुमच्या गायकाचं म्हणणं, "टुरिस्ट व्हिसावर जाऊ, कोण बघतंय?" त्याला १९६० सालचं हॅम्बुर्ग सांग. बीटल्स तिथे साध्या दिवशी रोज साडेचार तास आणि शनिवारी सहा तास वाजवायचे, एका सिनेमागृहाच्या पडद्यामागच्या खोलीत झोपायचे. हे सगळं लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. तो मुक्काम संपला कसा, ते मात्र कमी जण सांगतात. नोव्हेंबरमध्ये जॉर्ज हॅरिसनला परत पाठवलं, कारण तो सतरा वर्षांचा होता आणि रात्री उशिरा क्लबमध्ये असायची त्याला परवानगी नव्हती. त्यानंतर काही दिवसांतच पॉल मॅकार्टनी आणि तेव्हाचा ड्रमर पीट बेस्ट यांना किरकोळ आगीच्या आरोपावरून हाकललं. द किंक्स या ब्रिटिश बँडचं तर याहून वाईट झालं. १९६५ च्या अमेरिका दौऱ्यानंतर तिथल्या संगीतकारांच्या संघटनेने त्यांना परवाने देणं बंद केलं ते थेट १९६९ पर्यंत. ऐन भराची चार वर्षं गेली. तेव्हा जिथे पैसे घेऊन वाजवणार तिथली कामाची परवानगी काढायची, आणि ती कोण काढतंय, आयोजक की तुम्ही, हे आमंत्रणपत्रातच लिहून घ्यायचं. युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण राहणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. वाजवायचे नियम प्रत्येक देशाचे स्वतंत्र आहेत.

सामानासाठी एटीए कार्ने नावाचा कागद असतो, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेला. वस्तू विकायला नाही, परत न्यायला आणली आहे, हे त्यातून सिद्ध होतं. एकदा काढला की वर्षभर चालतो. प्रत्येक वस्तू सीरियल नंबरासकट यादीत लागते आणि प्रत्येक सीमेवर येताना-जाताना शिक्का घ्यावा लागतो. एक शिक्का राहिला तर वस्तू तिथेच विकली असं धरून कर मागितला जाऊ शकतो. तुमचं सामान पाठीवर मावेल एवढंच असेल तर कितीतरी देशांत कार्नेची गरज पडत नाही, कमी नेण्याचा हा आणखी एक फायदा. टी-शर्ट आणि रेकॉर्ड मात्र विक्रीचा माल आहे, तो कार्नेवर चालत नाही. जिथे विकायचा तिथल्याच छापखान्यात छापून घ्या. आणि बेसवाल्याच्या जुन्या गिटारला ब्राझिलियन रोजवूड असेल तर ती घरीच राहू दे. १९९२ पासून त्या लाकडावर सगळ्यात कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, परवान्याशिवाय सीमेवर अडकू शकते.

पैशांबद्दल थोडक्यात. करारातला गॅरंटीचा, म्हणजे कबूल केलेल्या मानधनाचा, आकडा पुरता हातात पडत नाही. अमेरिकेत परदेशी कलाकाराच्या मानधनातून सर्वसाधारणपणे ३० टक्के कर आधीच कापतात, ब्रिटनमध्ये ठरावीक मर्यादेपुढे २०. अमेरिकेत तर ही कपात एकूण मानधनावर होते, तुमचा खर्च वजा न करता. सवलत मिळू शकते, पण त्याचे अर्ज शोच्या कितीतरी आधी जावे लागतात. काही क्लब टी-शर्टच्या विक्रीतही हिस्सा मागतात, ते कबूल करायच्या आधी विचार. रात्री हिशेबाला तू आणि आणखी एकजण, असे दोघं बसा. दोघंही न प्यायलेले. आणि प्रत्येक शोनंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी तिथल्या हक्क संस्थेला पोचेल असं बघा, जर्मनीत जेमा, फ्रान्समध्ये सासेम, ब्रिटनमध्ये पीआरएस. गाणी तुमची आहेत आणि तुमच्याकडच्या संस्थेत नोंदलेली आहेत, तर वाजवल्याचा मोबदला काही महिन्यांनी येतो. तरुण बँड हा फॉर्म कंटाळून भरत नाहीत.

आजारपणाचं तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. जून १९६४ मध्ये बीटल्सचा जागतिक दौरा उद्या सुरू होणार आणि आज त्यांचा ड्रमर रिंगो स्टार टॉन्सिल्सनी आडवा, अशी वेळ आली. जिमी निकोल नावाच्या ड्रमरला बोलावलं, दुपारी स्टुडिओत थोडी तालीम केली आणि दुसऱ्या दिवशी तो कोपनहेगनच्या स्टेजवर होता. नेदरलँड्स, हाँगकाँग, अॅडलेड असं वाजवत गेला आणि मेलबर्नला रिंगो परतल्यावर विमानाने घरी. तुम्हाला असा निकोल मिळणार नाही. शिवाय व्हिसा ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच वाजवायचं असतं. अमेरिकेच्या बँडसाठीच्या पी-१ व्हिसाला तर किमान ७५ टक्के सदस्य वर्षभरापासून एकत्र असावे लागतात. म्हणून झोप आणि मनगट सांभाळ, कानात इअरप्लग घाल आणि तुझे ट्रॅक क्लिकसकट (लय धरणारी टिकटिक) एका पेनड्राइव्हवर ठेव. एखादी रात्र तू ताप घेऊन उठू शकली नाहीस, तर बाकीचे तिघं तुझ्याविना अर्धा तास अकूस्टिक वाजवू शकतील असा एक संच घरीच बसवून ठेवा.

आता तुझ्या वेळापत्रकाकडे. तुम्ही नऊ आसनी व्हॅन घेतली आहे, सगळेच घेतात. गाडी उभी करताना मागचं दार भिंतीला चिकटवून लावायची, म्हणजे चोराला ते उघडता येत नाही. पण मला भीती चोराची नाही. २७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे स्वीडनमध्ये मेटॅलिका या बँडची बस उलटली आणि त्यांचा बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. ती बस व्यावसायिक चालक चालवत होता. युरोपात मोठ्या बसच्या चालकाला साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या पुढे गाडी चालवता येत नाही. नऊ आसनी व्हॅनला हा नियम लागत नाही, म्हणून तो तुम्ही स्वतःवर लावून घ्यायचा. शो संपवून, घामाने भिजून, मध्यरात्री कोणी वाजवणाऱ्याने स्टीअरिंगला हात लावायचा नाही.

तू पाठवलेल्या यादीत पाचवा आणि सहावा शो लागोपाठच्या रात्री आहेत, दोन्हींच्या मध्ये एक सीमा आहे, आणि पाचव्याचा क्लब बंद होतो रात्री एकला. नकाशावर अंतर बघितलं. हा प्रवास रात्रीच करावा लागेल, असं तुमच्या एजंटने गृहीत धरलेलं दिसतं. त्याला आजच लिही: सहावा शो एक दिवस पुढे सरकव, नाहीतर वेगळा चालक दे आणि त्याचा खर्च कोण करणार तेही सांग. दोन्ही जमत नसेल तर सहावा शो सोडा. त्याचं उत्तर आलं की मला कळव, आणि सोबत स्टेज प्लॉटही पाठव, बघून देतो.

तुझा,
मास्तर