१९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेडिओवर दिवसभर काय काय लागायचं?

रेडिओ म्हणजे बीबीसीच, आणि तिची तीन केंद्रं: बातम्या-भाषणांची होम सर्व्हिस, करमणुकीची लाइट प्रोग्राम (१९४५ पासून) आणि अभिजात संगीत-साहित्याची थर्ड प्रोग्राम (१९४६ पासून), जी मुख्यतः संध्याकाळीच लागायची. जाहिराती नव्हत्या, घरटी वर्षाला १ पौंड परवाना शुल्क.

समजा, १९५२ मधला एखादा कामाचा दिवस. सकाळी गृहिणींच्या फर्माइशीची गाणी. मग ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’: अर्धा तास सलग वाद्यसंगीत, मध्ये निवेदन नाही, कारखान्यात काम करणाऱ्यांचे हात थांबू नयेत म्हणून. पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’. निवेदिका आधी विचारायची, ‘नीट बसलात ना? मग सुरू करते.’ लहानग्यांना असं थेट, मायेनं विचारणं मला फार आवडतं. लगेच दोनला बायकांसाठीचा ‘वुमन्स अवर’.

पण खरी गंमत संध्याकाळी पावणेसातला. ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची पंधरा मिनिटांची मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर लागू लागली. युद्ध संपलं तरी रेशनिंग चालूच होतं, ते १९५४ मध्ये उठलं. धान्य-दूध वाढावं म्हणून शेतीचा सल्ला संवादांत विणलेला असायचा. शेतकऱ्याला भाषण नको असतं, शेजाऱ्याच्या गोठ्यात काय चाललंय ते हवं असतं. हे ज्यांनी ओळखलं त्यांना मी मनापासून मानतो. ही मालिका आजही चालू आहे.