मांजरीच्या खर्चासाठी घेतलेली पॉलिसी आधी परत करा

प्रश्न : मी 37 वर्षांचा असून डोंबिवलीत राहतो. हातात येणारा पगार माझा 56,000 आणि पत्नीचा 38,000 रुपये आहे. गृहकर्जाचे 32 लाख शिल्लक असून हप्ता 33,000 रुपयांचा आहे. आठ वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी पर्शियन मांजरीचे पिल्लू घ्यायचे ठरवले आहे. ब्रीडर 28,000 रुपये सांगतो. 2,000 रुपये टोकन दिले आहे. उरलेली रक्कम रोख द्यावी की क्रेडिट कार्डावर बारा बिनव्याजी हप्त्यांत? पुढच्या खर्चाची सोय झालेली आहे. बँकेतील रिलेशनशिप मॅनेजरच्या सल्ल्याने 3 लाखांच्या मुदत ठेवीतून 1 लाख काढून गॅरंटीड उत्पन्नाची पॉलिसी घेतली आहे. दहा वर्षे वर्षाला 1 लाख भरायचे, दुसऱ्या वर्षअखेरीपासून दरवर्षी 30,000 रुपये मिळतील आणि पंचविसाव्या वर्षी 14 लाख. ते 30,000 मांजरीसाठी राखून ठेवणार आहोत. शिवाय पिल्ले विकून वर्षाला लाख-सव्वा लाख सुटतील.

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. हप्ते नकोत. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचे व्याज कुठल्या ना कुठल्या रूपात ग्राहकाकडूनच वसूल होते, आणि शून्य टक्के व्याज अशी संकल्पनाच अस्तित्वात नाही हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. त्यात एखादा हप्ता चुकला तर कार्डाचे व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास जाते. शिवाय ज्या घराला 26,000 रुपये तीन महिन्यांत बाजूला काढता येत नाहीत, त्या घराला मांजरीचे महिन्याचे 4,000 रुपये पुढची पंधरा वर्षे कसे काढता येतील, हा प्रश्न हप्त्यांपेक्षा मोठा आहे.

मात्र तुमच्या पत्रात खरी चिंता वाटावी अशी गोष्ट मांजर नसून ती पॉलिसी आहे. पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रांवरून पॉलिसीचा दस्तऐवज तुमच्या हातात पडून 19 दिवस झालेले दिसतात. दस्तऐवज मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत पॉलिसी न पटल्यास परत करण्याचा, म्हणजे फ्री लूकचा, हक्क प्रत्येक आयुर्विमा ग्राहकाला असतो. हे उत्तर छापून येईपर्यंत ती मुदत टळून जाईल, म्हणून ते तुम्हाला आधीच ईमेलने पाठवले आहे. मांजर थांबू शकते, हे काम थांबू शकत नाही.

आता आकडे पाहू. दहा वर्षांत तुम्ही 10 लाख भरणार. दरवर्षीच्या 30,000 प्रमाणे 24 वेळा मिळून 7 लाख 20 हजार आणि शेवटी 14 लाख, असे सगळे धरून 21 लाखांच्या थोडे वर परत येणार. दहाचे एकवीस झाले असे मॅनेजरने सांगितले असेलच. मात्र पैसे कधी जातात आणि कधी येतात हे धरून हिशेब केला, तर परतावा वर्षाला सुमारे 5 टक्के पडतो. हा परतावा मिळवण्यासाठी तुम्ही साडेसहा-पावणेसात टक्क्यांची, हवी तेव्हा मोडता येणारी ठेव मोडलीत. पॉलिसीचे उत्पन्न करमुक्त असते हा नेहमीचा युक्तिवाद तुमच्या बाबतीत लागूच पडत नाही, कारण नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही आणि तुम्हा दोघांचेही पगार त्या मर्यादेच्या बरेच आत आहेत. ठेवीचे व्याजही तुम्हाला करमुक्तच पडते.

मांजरीचा खर्च पॉलिसी भागवेल ही समजूत तर मुळातच चुकीची आहे. पहिल्या दहा वर्षांत तुमच्या खिशातून 10 लाख जातील आणि 2 लाख 70 हजार परत येतील. म्हणजे पॉलिसीला सव्वासात लाख द्यायचे आणि मांजरीचा खर्च वेगळा करायचा. जे 30,000 येतील ते तुमचेच भरलेले पैसे असतील. घरात नीट सांभाळलेली मांजर साधारण बारा ते सोळा वर्षे जगते. 14 लाख हातात येतील तेव्हा ही मांजर नसेल आणि तुमची मुलगी 33 वर्षांची असेल.

परत करण्याची पद्धत सोपी आहे. पॉलिसी क्रमांक, दस्तऐवज मिळाल्याची तारीख, परत करण्याचे कारण आणि बँक खात्याचा तपशील लिहून अर्ज थेट विमा कंपनीच्या तक्रार व सेवा विभागाला ईमेलने पाठवा, तोच अर्ज कंपनीच्या शाखेत देऊन शिक्क्यासह पोच घ्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि गेलेल्या दिवसांचा जोखीम हप्ता, म्हणजे तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाची किंमत, एवढेच वजा होऊन बाकी रक्कम परत मिळते. अर्ज रिलेशनशिप मॅनेजरच्या हातात देऊ नका. तो तुम्हाला शाखेत चहाला बोलावील, वरिष्ठांशी बोलतो म्हणेल, दोन-तीन दिवस थांबा म्हणेल, आणि त्या थांबण्यातच अकरा दिवस संपतील. पैसे आले की ते परत मुदत ठेवीत टाका.

ही ठेव एवढी महत्त्वाची का, हे मांजरीच्याच उदाहरणावरून सांगता येते. समजा मुलीने बोका निवडला. एखाद्या रात्री तो पुन्हा पुन्हा लिटरच्या, म्हणजे मांजराच्या शौचासाठीच्या मातीच्या, ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, पण थेंबभरही लघवी होत नाही. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाले असेल, सकाळी पाहू. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असतो आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन बोका दगावू शकतो. नळी घालणे, सलाइन, रक्ततपासण्या आणि दोन-तीन दिवस दवाखान्यात ठेवणे यांचे बिल खासगी दवाखान्यात 15 ते 30 हजारांवर सहज जाते आणि ते त्याच वेळी भरावे लागते. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून पडलेल्या मांजराच्या मोडलेल्या पायाचे बिलही असेच येते. अशा रात्री मोडता येणारी ठेव उपयोगी पडते. पॉलिसीचा दुसऱ्या वर्षअखेरचा चेक त्या रात्री काय कामाचा? तुमचे घर महिन्याला हप्त्यासह सुमारे 79,000 रुपयांवर चालते. 3 लाखांची ठेव म्हणजे जेमतेम चार महिन्यांची बेगमी होती आणि तीही तुम्ही एका तृतीयांशाने कमी केलीत.

त्याहून मोठी उणीव तुमच्या आयुर्विम्यात आहे. 32 लाखांचे कर्ज डोक्यावर असताना तुमच्या नावावर एकूण विमा या पॉलिसीचा 10 लाखांचाच दिसतो. तुमच्या वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीला 1 कोटीचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, वर्षाला सुमारे 14-15 हजारांत मिळतो. पत्नीच्या नावे 50 लाखांचा विमा आणखी सहा-सात हजारांत होईल. दोन्ही मिळून 22,000 रुपये झाले, म्हणजे मॅनेजरने घ्यायला लावलेल्या लाखाचा पाव हिस्साही नाही. मात्र मुदत विमा चालू झाल्याशिवाय फ्री लूकचा अर्ज करायचा नाही, असा विचार करू नका. अकरा दिवस पुरणार नाहीत. आरोग्य विमाही फक्त कंपनीकडचा 3 लाखांचा आहे. नोकरी सुटली की तोही सुटतो.

पिल्ले विकण्याच्या बेताविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. तुमचा हिशेब असा दिसतो : वर्षात दोन विणी, प्रत्येकी चार पिल्ले, एका पिल्लाचे 15,000. हा हिशेब विकणाऱ्याने केलेला आहे, पाळणाऱ्याने नाही. पर्शियन मांजरीच्या पिल्लांचे डोके मोठे आणि गोल असल्याने विताना अडचण येऊन शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण जास्त असते. तशी एक शस्त्रक्रिया झाली की त्या विणीचा नफा गेला. जोडीसाठी आणायच्या बोक्याची फी, गाभण मांजरीचे खाणे, प्रत्येक पिल्लाचे जंतनाशक व लस, न विकल्या गेलेल्या पिल्लांचा सांभाळ आणि दोघेही नोकरीवर असताना दोन महिने त्यांच्याकडे बघणारे माणूस, यांतील काहीच तुम्ही धरलेले नाही. पाळीव प्राण्यांच्या विक्रीसाठी 2018 च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि हे उत्पन्न व्यवसायाचे म्हणून विवरणपत्रात दाखवावे लागते. घरातील मांजरीची नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या वयात करून टाका. त्यामुळे वारंवार माजावर येऊन रात्रभर ओरडणे थांबते आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा धोका राहत नाही. खासगी दवाखान्यात पाच ते आठ हजार लागतील; परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या धर्मादाय ठिकाणी बरेच कमी.

राहता राहिला निवडीचा भाग. पर्शियन मांजरीचे केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर गाठी होऊन कातडीला इजा होते. चपट्या नाकामुळे डोळे पाझरत राहतात, ते रोज पुसावे लागतात, आणि मे महिन्यात डोंबिवलीच्या बंद घरात तिला श्वासाचा त्रास होतो, म्हणजे एसीचे बिल आले. मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार या जातीत आढळतो. आई-बापांपैकी एकाला तो असला तरी निम्म्या पिल्लांना होऊ शकतो. ब्रीडरकडे आई-बापांच्या जनुकीय चाचणीचा अहवाल मागा. तो हो-नाही करू लागला तर व्यवहार तिथेच संपवा. ब्रीडर सोबत देऊ करतात त्या प्राणी विम्याच्या अटीही वाचा, कारण आनुवंशिक आजार अनेक योजनांत वगळलेले असतात.

माझा कल गावठी मांजराकडे आहे. ते दत्तक मिळते, आपल्या हवेला रुळलेले असते आणि आठवड्यातून एकदा विंचरले तरी चालते. आठ ते बारा आठवड्यांचे, आईजवळ वाढलेले, डोळे-नाक कोरडे, कानांत कॉफीच्या चुऱ्यासारखी घाण नसलेले आणि हाताळल्यावर न बिथरणारे पिल्लू घ्या. घरी आणल्यावर तीन आजारांवरची एकत्रित लस, तिचा दुसरा डोस आणि रेबीजची लस हे आधी. दूध-पोळीवर मांजर वाढत नाही. तिला मांसाहारच लागतो आणि त्यातील टॉरिन हा घटक मिळाला नाही तर हृदय व दृष्टी बिघडते, म्हणून कुत्र्याचे खाणे तिला चालत नाही. ताप वाटला म्हणून घरातील पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, ते तिच्यासाठी विष आहे. खिडक्यांना कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडते, तेव्हा तारेची जाळी बसवून घ्या.

अशा मांजराचा खर्च खाणे, लिटर आणि दवाखाना धरून महिन्याला 3,000 ते 3,500; पर्शियनचा साडेचार हजारांपर्यंत. पहिल्या वर्षी लसी, नसबंदी, जाळी, ट्रे आणि प्रवासाची पेटी यांचे 25,000 वेगळे. तुमच्याकडे महिन्याला सुमारे 15,000 उरतात. त्यांतून मुदत विमा व स्वतंत्र आरोग्य विम्यासाठी 3,500, मांजरासाठी 3,500 काढा. तिच्या नावाने 1,000 रुपयांची आवर्ती ठेव सुरू करून ती 50,000 होईपर्यंत मोडू नका. उरलेल्या 7,000 पैकी 3,000 आपत्कालीन ठेवीत आणि 4,000 मुलीच्या शिक्षणासाठी इंडेक्स फंडाच्या, म्हणजे शेअर निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या, एसआयपीत (दरमहा ठरावीक गुंतवणुकीत) जाऊ द्या. ब्रीडर टोकन परत देत नसेल तर 2,000 वर पाणी सोडा. ते वसूल व्हावेत म्हणून 26,000 भरू नका.

मांजर दिवाळी उलटल्यावर आणा. नव्या घरात आलेले पिल्लू फटाक्यांच्या आवाजाने कपाटामागे दडते आणि खाणे सोडते, आणि तोवरच्या तीन महिन्यांत पहिल्या वर्षाचे 25,000 रुपयेही जमलेले असतील.