सायनो म्हणजे कोण? चीन-जपान युद्धांच्या नावांवरची प्रश्नोत्तरं

मागच्या वेळी शिमोनोसेकीच्या तहाबद्दल (1894-95 चं चीन-जपान युद्ध ज्याने संपलं तो तह) लिहिताना मी 'सायनो-जॅपनीज वॉर', म्हणजे चीन-जपान युद्ध, असा शब्द वापरून पुढे निघून गेलो आणि तिथेच फसलो, कारण तहाबद्दल कोणी काही विचारलंच नाही, सगळ्यांना त्या शब्दाचंच पडलंय. त्यातले पाच प्रश्न घेतोय.

प्रश्न : सर, चीनसाठी 'सायनो' का? 'चायनो' का नाही? मला तर आधी सायनसचा काहीतरी प्रकार वाटला.

सायनसचा काही संबंध नाही! ग्रीक-लॅटिनमध्ये चिनी लोकांना 'सिनाय', 'सिने' असं म्हणायचे, त्यावरून इंग्रजीत जोडशब्दासाठी 'सायनो' आलं, जसं आपल्यासाठी 'इंडो'. म्हणून 1962 चं आपलं युद्धसुद्धा इंग्रजी पुस्तकांत 'सायनो-इंडियन वॉर' असतं. आता गंमत बघा, बहुतेक अभ्यासकांच्या मते हे सगळे शब्द छिन् नावाच्या राज्यावरून आले, याच छिन् घराण्याने इ.स.पू. 221 मध्ये अख्खा देश एका सत्तेखाली आणला, आणि ते नाव पश्चिमेकडे पोचलं त्यात संस्कृतातल्या 'चीन' शब्दाचा मोठा हात आहे. शाकुंतलात 'चीनांशुक' येतं ना, ते चिनी रेशमी कापड. म्हणजे आपण जो साधा 'चीन' शब्द वापरतो तोच जुना, आणि सायनो हा त्याचा लांबचा चुलतभाऊ. मराठीत लिहिताना बिनधास्त 'चीन-जपान युद्ध' लिहा, काही बिघडत नाही.

प्रश्न : पहिलं आणि दुसरं असे दोनच नंबर दिसतात. त्याआधी हे दोघं कधी भांडलेच नाहीत का?

भांडले की! 663 मध्ये कोरियातल्या एका नदीच्या मुखाशी थांग घराण्याच्या चीनच्या आरमाराने जपानी जहाजं बुडवली. 1274 आणि 1281 ला कुबलाई खानाच्या फौजा जपानवर चालून गेल्या, तेव्हा चीनवर मंगोलांचं युआन घराणं होतं. मग 1592 ला जपानचा सत्ताधीश हिदेयोशीने कोरियात सैन्य घुसवलं आणि मिंग घराण्याचा चीन कोरियाच्या मदतीला धावला, ते प्रकरण 1598 पर्यंत चाललं. पण नंबर लागतात ते फक्त आधुनिक काळातल्या दोन युद्धांना, 1894-95 आणि 1937-45. आणि यात एक लक्षात आलं का, बहुतेक वेळा मार खातो तो मधला कोरिया. 1894 चं युद्धही कोरियावर कुणाचा वरचष्मा यावरूनच पेटलं, आणि 'सायनो-जॅपनीज' या नावात बिचाऱ्याचा पत्ताच नाही.

प्रश्न : चिनी आणि जपानी लोक स्वतः काय म्हणतात या युद्धांना?

हा खरा प्रश्न! 1894 च्या युद्धाला चिनी लोक 'चियावू युद्ध' म्हणतात. चियावू हे वर्षाचं नाव, त्यांच्याकडे साठ वर्षांचं चक्र असतं, आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखं. (आपल्या पंचांगाने तेव्हा शके 1816, जय संवत्सर चालू होतं, जय कुणाचा ते सोडा.) जपानी लोक त्यालाच 'निश्शिन सेन्सो' म्हणतात, म्हणजे जपान-छिंग युद्ध, कारण तेव्हा चीनवर छिंग घराणं होतं (वरचं छिन् वेगळं). नूडल्सवाल्या निस्सिन कंपनीच्या नावात हीच दोन अक्षरं आहेत, पण त्याचा युद्धाशी संबंध नाही हं.

1937 च्या युद्धाला चीनमध्ये 'जपानविरोधी प्रतिकार युद्ध' म्हणतात, नावातच कोण घुसलं आणि कोण लढलं ते आलं. आणि जपान? त्यांचं सरकार त्या वेळी युद्ध म्हणायलाच तयार नव्हतं, अधिकृत नाव होतं 'शिना जिहेन', म्हणजे चीनमधली घटना. घटना! राजधानी नानजिंग पडली, लाखो माणसं मेली, आणि कागदावर काय तर घटना. पण यात चीनचाही स्वार्थ होता, कारण अमेरिकेचा तटस्थतेचा कायदा असा की युद्ध जाहीर झालं की शस्त्रविक्री बंद, आणि जपानला अमेरिकेचं तेल आणि भंगार लोखंड पाहिजे, चीनला शस्त्रं पाहिजेत, मग दोघंही गप्प. चीनने रीतसर युद्ध पुकारलं ते डिसेंबर 1941 मध्ये, पर्ल हार्बर झाल्यावर. आता जपानमध्ये 'निच्चू सेन्सो' म्हणतात, म्हणजे जपान-चीन युद्ध. जुन्या 'शिना जिहेन' नावातला 'शिना' शब्द चिन्यांना अपमानास्पद वाटतो म्हणून 1946 मध्ये सरकारनेच तो टाळा असं सांगितलं, आणि बघा हं, मूळ तोच, आपला 'चीन'.

प्रश्न : परीक्षेला दुसरं युद्ध 1931 पासून लिहू की 1937 पासून?

1937 लिहा, मार्क मिळतील. 7 जुलै 1937, बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावरची चकमक. पण 18 सप्टेंबर 1931 ला मुकदेन शहराजवळ रेल्वेवर स्फोट घडवून जपानी सैन्याने ईशान्य चीनमधला मांचुरिया गिळायला सुरुवात केली, ते धरून 2017 पासून चीनच्या शाळांत 'आठ वर्षांचं' ऐवजी 'चौदा वर्षांचं प्रतिकार युद्ध' असं शिकवतात. मला विचाराल तर मांचुरियातल्या माणसाला 1931 च खरं.

प्रश्न : आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस यातल्या कुठल्या युद्धात गेले होते?

दुसऱ्या. 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांचं नाव मात्र आपण विसरलोच. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले, ग्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच गेले. जाण्याआधी काही महिने मुलगा झाला होता, त्याचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. आता वरची नावं आठवा, चीन-जपान या जोडीला चिनी लोक 'चुंग-रि' म्हणतात, चीन आधी, जपानी 'निच्चू' म्हणतात, जपान आधी, जो तो स्वतःला पुढे ठेवतो. हे नाव चीनमध्ये ठेवलेलं, चिनी भाषेतलं, आणि त्यात भारत आधी आहे.