उपनगरात घर घेण्याआधी काय तपासावे?

प्रश्न : झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरात घर घ्यायचा विचार आहे. जागा प्रशस्त, किंमतही आवाक्यात. कोणत्या अडचणी आधी पाहाव्यात?

उत्तर : सगळ्यात आधी पाणी. अशा ठिकाणी इमारती आधी उभ्या राहतात, जलवाहिनी मागाहून येते. तोवर सारा भार बोअरवेल आणि टँकरवर. माणशी रोज १३५ लिटर धरले तरी चौघांना ५४० लिटर लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस टँकर किती येतात आणि तो खर्च मासिक देखभालीत धरलेला आहे का, हे तिथल्या रहिवाशांनाच विचारा, विकणाऱ्याला नको. बोअरचे पाणी जड असेल तर गिझरची कॉइल क्षार बसून लवकर जाते. सांडपाणी मुख्य गटाराला जोडले आहे की सेप्टिक टँकला, तेही पाहा.

प्रवासाचा अंदाज रविवारी घेऊ नका. कामाच्या दिवशी, तुमच्याच वेळेला, दारापासून दारापर्यंत जाऊन या. वस्ती वाढते, रस्ता तेवढाच राहतो.

खिडकीसमोरचा मोकळा भूखंड मोकळाच राहील असे कृपया धरू नका. विकास आराखड्यात त्यावर काय दाखवले आहे ते बघा. घरात दमेकरी असेल तर बांधकामाची धूळ फार त्रासाची.

जमल्यास आधी वर्षभर तिथेच भाड्याने राहा.