बाबू, त्या वहीतलं कर्ज तुझं नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाचं पत्र आहे. चुलतबहिणीच्या मोबाइलवरून आलेलं. नाव, गाव छापत नाही.

‘ताई, बहिणीच्या लग्नाले बाबांनी मालकाकडून चाळीस हजार घेतले. तवापासून बाबा सालगडी अन् मी ढोरकी. पाचवीनंतर शाळा सुटली. तापानं पडलो तरी मालक वहीत खाडा मांडते, पैसे वाढतच जाते. मामा म्हणते, रात्री निघून ये. माय म्हणते, तू गेला तर आमचं कसं होईन? राहाची खोपडीबी मालकाचीच हाये. अन् मी गेल्यावर गोऱ्ह्याले कोण पाहीन? मी काय करू?’

बाबू, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मामाचं ऐकावं तर माय रडते, मायचं ऐकावं तर शाळा गेली. कुठलंही पाऊल टाकलं तरी कुणाचा तरी गुन्हेगार ठरतो, असं तुला वाटतं. तू कुणाचाच गुन्हेगार नाहीस. गुढीपाडव्याला साल ठरवून काम करणं वेगळं आणि उचल फिटेपर्यंत लेकरासकट बांधून ठेवणं वेगळं. याला वेठबिगारी म्हणतात. १९७६च्या कायद्यानं ती बंद झाली आहे, आणि अशा मजुरीपायी चढलेलं कर्जही त्याच कायद्यानं रद्द ठरतं. ते वसूल करणाराच शिक्षेला पात्र होतो. त्या वहीत मालकानं कितीही खाडे मांडले तरी त्यातला एक रुपयाही तुझ्या माथी नाही. शिवाय चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं हाच गुन्हा आहे.

मायला एक गोष्ट आवर्जून सांग. सुटका झालेल्या मजुराला राहत्या घरातून हुसकावता येत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलं आहे. खोपडी जाईल या धाकानंच ती तुला अडवते आहे. तिच्यावर रागावू नकोस. तिला हे आजवर कुणी सांगितलंच नसणार.

म्हणून रात्रीचं एकट्यानं पळणं मला पटत नाही. तू गेलास की मालक बाबांना धरणार, आणि तू जिथं असशील तिथं तुला झोप लागणार नाही. सुटका तुम्हा सगळ्यांची मिळूनच मागायची. मामानं तहसीलला किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कर्ज किती, कधीपासून, कोण कोण राबतं, एवढं त्यात आलं की पुरे. चौकशी झाली की तुझ्या बाबांच्या आणि तुझ्या नावाचं मुक्तीचं प्रमाणपत्र मागा. पुढची सरकारी मदत त्या कागदावरच मिळते, तेव्हा त्याशिवाय परत फिरू नका. अधिकारी गावात यायच्या आधी मालकाच्या कानावर काही जाऊ देऊ नका. गावात गोष्ट लपत नाही, म्हणून सांगते.

पण तुला मारहाण होत असेल, जेवण तोडत असतील, तर अर्जाची वाट पाहू नकोस. चुलतबहिणीच्या मोबाइलवरून १०९८ लाव, ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. फोन फुकट आहे, रात्रीही उचलतात. कदाचित काही दिवस तुला बालगृहात ठेवतील. तिथं मायची आठवण येईल, रडूही येईल. तरी तिथून घरी परतायची वाट असते, हे लक्षात ठेव.

सुटल्यावरचे पहिले महिने ओढाताणीचे जातील, हे लपवत नाही. रेशन, रोजगार हमीचं जॉबकार्ड, सगळ्यासाठी बाबांना खेटे घालावे लागतील. तुझी शाळा मात्र थांबायचं कारण नाही. वर्षाच्या मधेही प्रवेश मिळतो, तोही वयाप्रमाणे, म्हणजे सहावीत लहान पोरांसोबत बसायला नको.

बाबांनी पैसे घेतले ते लेकीसाठी. त्यांना दोष देऊ नकोस, पण त्यांच्या जागी ढोरांमागं जायचं तुझं वयही नाही.

आणि गोऱ्ह्याचं विचारलंस. त्याला पाणी दाखवायला मालकाला दुसरा गडी मिळेल. तू अर्जाचं बघ, आणि पोच मिळाली की बहिणीला मला कळवायला सांग.